न वाजणारी कॉइल

आमच्या कारखान्यात पास-नापास ठरवणारं यंत्र म्हणजे चाचांच्या उजव्या हाताचं मधलं बोट. मीटर होते, टेस्टिंगचं पॅनल होतं, दरवर्षी कोणीतरी येऊन त्यांवर नवं स्टिकर चिकटवून जायचं. पण भट्टीतून निघालेली कॉइल टेबलावर आली की आधी चाचा वाकायचे, बोटाचं पेर तिच्यावर टक्क करून मारायचे आणि कान लावायचे. कॉइल टणटणीत वाजली तर पास. बद्द वाजली तर आत रेझिन नीट भरलेलं नाही, कुठेतरी पोकळ राहिलंय, असं समजायचं. मग तिला लाल चिठ्ठी बांधायची आणि दिवस संपायच्या आत कापून तिचं तांबं वेगळं करायचं. फॉर्मवर यासाठी छापील ओळच होती : ‘ठोका – वाजला / वाजला नाही’.

सातपूरच्या या शेडमध्ये मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेऊन आले, तेव्हा साहेबांनी, म्हणजे मालकांनी, मला वार्निश रूममध्ये टाकलं. आम्ही मोटारी आणि ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल बनवतो. गुंडाळलेल्या तारेच्या वेढ्यांमध्ये रेझिन भरून ते भट्टीत पक्कं करायचं, म्हणजे वेढे जागचे हलत नाहीत, हे वार्निश रूमचं काम. बाईमाणसाला तिथे बरं पडेल, असं साहेब म्हणाले. काय बरं पडतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. वास असा की घरी गेल्यावर आई मला मोरीच्या बाहेर बसू द्यायची नाही. पण मी टिकले. आणि ठोका ऐकायला मला चाचांनी शिकवलं. ते मूळचे मालेगावचे, घरात सगळे यंत्रमागावरचे, हे एकटेच तारेच्या धंद्यात आले. वायंडिंगमध्ये, म्हणजे तार गुंडाळण्यात, त्यांचा हात धरणारा नाशकात कोणी नव्हता, हे ते स्वतःच सांगायचे आणि ते खरंही होतं.

“बेटी, माल बोलला पाहिजे,” असं ते म्हणायचे. “जो बोलत नाही, तो आतून झूठा.”

मी हे वाक्य वर्षानुवर्षं नव्या पोरींना ऐकवलं. माझ्याही बोटाच्या पेराला घट्टा पडला.

मग ते रीळ आलं. एका सरकारी प्रयोगशाळेला एक छोटं चुंबक करायचं होतं, त्यासाठी अतिसंवाहक टेपची चकतीसारखी चपटी कॉइल हवी होती. अतिसंवाहक म्हणजे खूप थंड केल्यावर जिच्यातून वीज काहीही अडथळा न होता वाहते अशी. टेप बघायला अगदीच किरकोळ. बोटापेक्षा अरुंद, कागदाएवढी जाड, चकाकणारी. पण ती एका धातूची नव्हती. पापुद्र्यावर पापुद्रा चढवून केलेली, आणि त्यातला एकच पापुद्रा खरं काम करणारा, केसाहूनही कितीतरी पातळ. परदेशातून मागवलेली. एक कॉइल होईल एवढीच, वर नमुन्यांसाठी काही मीटर. प्रयोगशाळेच्या मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की ही वाया गेली तर दुसरी मिळायला कधीचा मुहूर्त निघेल ते त्याही सांगू शकत नाहीत. रिळासोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं : वेढ्यांमध्ये काय भरायचं ते तुम्ही सुचवा, नमुना करून बघा, आम्हाला कळवा.

“यात सुचवायचं काय?” साहेब म्हणाले. “आपलं नेहमीचं एपॉक्सी रेझिन. सगळ्यात कडक असतं ते.”

चाचांनी मान हलवली. मीही हलवली. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी माझंही तेच मत होतं.

नमुन्याची टेप दोन लहान चकत्या होतील एवढी होती. पहिली आम्ही एपॉक्सीची केली. व्हॅक्युम टाकीत ठेवून रेझिन आत मुरवलं, भट्टीत पक्कं केलं. चाचांनी ठोका मारला. मंदिरातल्या छोट्या घंटेसारखी वाजली. ते इतके खूष झाले की दोनदा वाजवून दाखवली.

आता ती थंड करायची कशात? त्याला लागतो द्रवरूप नायट्रोजन. साहेब म्हणाले, मोठा सिलिंडर मागवू, दोन-तीन आठवडे लागतील. मला कुठला धीर. माझा मावसभाऊ नामपूरला असतो, गायींच्या कृत्रिम रेतनाचं काम करतो. रेतनाच्या कांड्या नायट्रोजनच्या कॅनमध्येच ठेवतात, आणि कॅन भरून न्यायला तो दर आठवड्याला नाशकात येतो. मी त्याला फोन केला. शनिवारी, आमच्या सुटीच्या दिवशी, तो पिकअपमधून भरलेली जादा कॅन घेऊन गेटवर हजर झाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

“ताई, हाई गायीसनं शे,” तो म्हणाला. “यामा तू तार बुडाडस?”

“गायी माफ करतील,” मी म्हटलं. “उचल एका बाजूने.”

थर्माकोलच्या खोक्यात नायट्रोजन ओतला. पांढरा धूर जमिनीवरून चाचांच्या पायांपर्यंत गेला आणि त्यांनी आपसूक चपला मागे घेतल्या. सुटी असूनही ते आणि साहेब मुद्दाम आले होते, आमचा नमुना गाजताना बघायला. कॉइल आत सोडली. खदखदलं, मग शांत झालं. आणि त्या शांततेत एक बारीक आवाज आला. टिक. थोड्या वेळाने आणखी एक.

“बर्फ असेल,” साहेब म्हणाले.

प्रयोगशाळेने अगदी बारीक व्होल्टेज दाखवणारा मीटर सोबत दिला होता. टेप धड असेल तर करंट बराच वाढवेपर्यंत मीटर शून्यावरच राहायला हवा. आमचा मीटर सुरुवातीलाच चढायला लागला. बाहेर काढली, गरम होऊ दिली, पुन्हा बुडवली, तर पहिल्यापेक्षाही लवकर चढला. कॉइल बिघडली होती, आणि ठोका मारला तरी अजून छान वाजत होती.

सोमवारी मी ती कापली. भिंगाखाली धरली. एपॉक्सीला साधी चीर गेलेली नव्हती. टेपचाच पापुद्रा उलगडला होता. थंडीत रेझिन टेपपेक्षा जास्त आक्रसतं, आणि त्याने टेपला इतकं घट्ट धरलेलं होतं की आक्रसताना ते सुटलं नाही, तिची कातडीच ओढून घेतली. आम्ही ज्या घट्टपणाचं इतकी वर्षं कौतुक केलं, त्यानेच माल मारला होता.

तेव्हा माझं डोकं फिरलं. राग कुणावर ते सांगता येत नव्हतं. स्वतःवरच असावा. मी जेवणाच्या सुटीत डबा न उघडता बसले आणि सरळ विचार केला. ताण येणार, तो टाळता येणार नाही. कोणीतरी तुटणार. मग टेपने तुटू नये असं वाटत असेल तर भरलेल्या मालाने आधी तुटलं पाहिजे. म्हणजे टेपपेक्षा कमी ताकदीचं काहीतरी हवं. आत नीट शिरेल, थंडीत दगडासारखं बसेल, वेढे हलू देणार नाही, पण ओढाताण झाली तर स्वतः तडकेल आणि टेपला सोडून देईल. डोळ्यांसमोर आलं ते मेण. साधं पॅराफिन मेण.

“मेण?” साहेब हसले. “मेणबत्त्यांची एजन्सी घ्यायची का आता?”

चाचा हसले नाहीत. ते दुखावले गेले. “मागावर चढवण्याआधी सायझिंगमध्ये सुताला मेण लावतात, मी बघितलंय लहानपणापासून,” ते म्हणाले. “सुताला ठीक आहे. कॉइलला मेण? नखाने निघेल ते.”

“निघू दे,” मी म्हटलं. “निघण्यासाठीच लावतेय.”

उरलेल्या टेपची दुसरी चकती केली, मेण वितळवून भरलं, आणि इथे मी माती खाल्ली. सवयीने. आमच्याकडे टाकीतून काढलेला माल ट्रॉलीवर ठेवायचा आणि पंखा लावायचा, ही रीत. मी हात न थांबवता तेच केलं. मेण गोठताना खूप आक्रसतं, हे मला ठाऊक होतं, वाचलेलं होतं, आणि तरीही मी पंख्याचं बटण दाबलं. बाहेरून आधी गोठलं, आतलं मग आक्रसत गेलं आणि मधे भोकं राहिली. चाचांनी ठोका मारला, बद्द. त्यांनी सुरी पुढे केली. कडेचे दोन-तीन वेढे कापून बघितलं तर आत पोकळ. नेमकं त्यांच्या बोटाने सांगितलं तेच.

“झालं समाधान?” साहेबांनी विचारलं. “नमुन्याची टेपही संपली. आता मुकाट्याने एपॉक्सी भर. फार तर थोडं पातळ कर.”

शेडमधले सगळे माझ्याकडे बघत होते. मला रडू येत होतं आणि ते कोणाला दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून मी आवाज चढवला. म्हटलं, “संपली कुठे? तुमच्या एपॉक्सीतली टेप काढून दाखवा मला. छिन्नी लावा, भट्टीत घाला, काय वाटेल ते करा. नाही निघणार. आणि ही बघा.” मी कापलेली चकती उचलली, गरम तेलाच्या भांड्यावर चाळणीत ठेवली. मेण गळून खाली आलं. सुरीचा घाव लागला होता तेवढे वेढे सोडले तर टेप जशीच्या तशी हातात आली. “माझी चूक झाली. मला ती धुता येते. तुमची चूक धुता येत नाही.”

साहेब आत निघून गेले. आमच्याकडे ती परवानगी समजतात.

तीच टेप पुन्हा गुंडाळायची होती. चाचांनीच गुंडाळली. मनात नसताना त्यांनी हात आखडता घेतला असता तर मी काही करू शकले नसते, पण तसलं काम त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी गुंडाळली आणि मागे सरकून उभे राहिले. या वेळी मी पंख्याचा प्लगच काढून खिशात ठेवला. कॉइलच्या वर वितळलेल्या मेणाचा भरपूर साठा ठेवला, वर दिवा लावून तो पातळच राहील असं केलं, आणि खालच्या पत्र्याखाली ओलं गोणपाट घातलं. खालून वर, हळूहळू गोठू दिलं, म्हणजे जिथे आक्रसेल तिथे वरून मेण उतरत राहील. सकाळी सुरू केलं ते चहाची दुसरी वेळ होईपर्यंत चाललं. पुढच्या शनिवारी मावसभाऊ परत कॅन घेऊन आला. चाचांच्या देखत सहा वेळा बुडवली, सहा वेळा गरम केली. मीटर शून्यावर बसून राहिला. मावसभाऊ मीटरकडे टक लावून म्हणाला, काहीच होत नाहीये. मी त्याला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली.

मॅडमना निकाल कळवला. त्या म्हणाल्या, तुमच्या जबाबदारीवर करा. हे वाक्य साहेबांना लागलं.

खरी कॉइल झाली. चाचांनी गुंडाळली, मी मेण भरलं, गोणपाट, दिवा, सगळं तसंच. टेबलावर आली. चाचा वाकले. पेर मारलं. बद्द. त्यांनी जागा बदलून आणखी तीनदा मारलं. मेण भरलेली कॉइल वाजतच नाही, ती वाजणारच नव्हती. आत पोकळ असो की गच्च भरलेली, आवाज तोच. त्यांनी खिशातून लाल चिठ्ठी काढली आणि तिला बांधली.

“चाचा,” मी म्हटलं, “नमुनाही असाच होता. तुम्ही बघितलंय तो चालताना.”

“मी जे ऐकलं ते लिहिणार,” ते म्हणाले. “जिंदगीभर तेच केलं. आज तुझ्यासाठी खोटं लिहू?”

त्यांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. बाकी कोणी अडवलं असतं तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. ज्या माणसाने माझं बोट धरून तारेवर ठेवलं होतं, त्याने बांधलेली चिठ्ठी मी त्याच्यासमोर सोडली. चिठ्ठीची गाठ त्यांची खास असते, नखांनी सुटत नाही, दाताने सोडावी लागली.

फॉर्म घेतला. ‘ठोका – वाजला / वाजला नाही’ या ओळीवर ‘वाजला नाही’वर खूण केली. शेजारी लिहिलं : ‘वाजू नये. वाजणाऱ्या मालाने टेप फाटते. नमुन्याचा निकाल सोबत.’ आणि तपासणाऱ्याच्या जागी सही केली. ती जागा चाचांची होती. तिथे दुसऱ्या कोणाचीही सही मी कधी बघितली नव्हती.

साहेबांनी फॉर्म वाचला. “ही परत आली,” ते म्हणाले, “तर तूही उद्यापासून यायचं नाहीस. ऐकू आलं ना?”

“आलं,” मी म्हटलं. “ते तर नीट वाजलं.”

एक भीती मात्र खरी होती आणि ती मी कोणाला सांगितली नाही. मार्च संपत आला होता. मेण काही उन्हाचं सोबती नव्हे. टेम्पोच्या बंद हौद्यात दुपारी भाजून निघतं. कॉइल वाटेतच मऊ पडली असती आणि वेढे सरकले असते, तर चाचाही बरोबर, साहेबही बरोबर. द्राक्षांचा हंगाम चालू होता, थंड कंटेनर रोज घाटाने खाली, प्रयोगशाळेच्याच दिशेला, उतरत होते. शेजारच्या गल्लीतल्या पॅकहाऊसमधल्या मुकादमाला मी गळ घातली. माझी कॉइल द्राक्षांच्या पेट्यांमध्ये बसून गेली. वर कोणीतरी पेनने लिहिलं होतं, ‘नाजूक, दाबू नये’. ते द्राक्षांसाठी होतं, पण मला बरं वाटलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. चाचा माझ्याशी बोलत नव्हते. कामापुरतं, तेही भिंतीकडे बघून. ईदला दरवर्षी शीरखुर्म्याचा डबा माझ्या टेबलावर यायचा, त्या वर्षी तो ऑफिसात गेला, सगळ्यांसाठी. मी एक वाटी घेतली आणि तशीच ठेवून दिली. पण ‘चुकलं माझं’ म्हणायला जीभ वळली नाही. चुकलं नव्हतं. त्यांना लागलं म्हणून मी माघार घ्यायची, असं मला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनीही नाही.

फोन आला तेव्हा साहेबांनी तो स्पीकरवर टाकला. वाईट बातमी सगळ्यांना एकदम कळावी, असा विचार असावा. मॅडम म्हणाल्या, कॉइल कितीतरी वेळा थंड करून झाली, एकदाही बिघडली नाही. दुसरं रीळ पाठवतो आहोत. मग म्हणाल्या, “फॉर्मवर ‘वाजू नये’ असं कोणी लिहिलंय?”

“आमच्याकडे एक बाई आहेत,” साहेब म्हणाले.

“मी इथेच आहे,” मी मागून ओरडले. “सही वाचता येत नसेल तर सांगा, मोठी करून पाठवते.”

त्या हसल्या. साहेबही हसले, जरा उशिराने. चाचा हसले नाहीत. ते त्यांच्या मशीनवर होते आणि मशीन चालू होतं, पण त्यावर तार नव्हती.

दुसरं रीळ आलं. चाचांनी गुंडाळलं. मी मेण भरायला घेतलं तेव्हा ते येऊन उभे राहिले आणि विचारलं, “गोणपाट किती ओलं?” मी दाखवलं. त्यांनी हात लावून बघितलं, पिळून बघितलं, मान हलवली. दुपारपर्यंत तिथेच स्टूल टाकून बसले. दोनदा दिवा त्यांनीच सरकवला, आणि दोन्ही वेळा बरोबर होतं.

कॉइल टेबलावर आली. ते वाकले. मला वाटलं, या वेळी तरी ठोका मारणार नाहीत. पण त्यांनी मारला, पूर्वीसारखाच, कान लावून, डोळे मिटून. बद्द.

“गप आहे,” ते म्हणाले.

त्यांनी फॉर्म ओढून घेतला आणि ठोक्याच्या ओळीवर, छापलेल्या दोन्ही शब्दांवर रेघ मारली. वर आपल्या अक्षरात लिहिलं : ‘गप. पास.’ मग पेन माझ्यापुढे धरलं.

“तपासणाऱ्यात तू कर,” ते म्हणाले. “ह्या मालाचा कान तुझ्याकडे आहे. मला ह्यात काही ऐकू नाही येत, बेटी.”

कितीतरी आठवड्यांनी त्यांनी मला बेटी म्हटलं होतं. मी ही जागा भांडून घेतली होती, आता ती कोणी देत होतं तर हात जड झाला होता. तरी सही केली. पूर्ण नावाने, आणि इतकी दाबून, की ती खालच्या कोऱ्या फॉर्मवरही उमटली.